मामांचं कार्ड

ऑफिसातल्या प्रिंटरला पूर्वी तीनच दुखणी असत. कागद अडकणे, टोनर संपणे आणि साहेबांची दोनशे पानं चालू असणे. तिन्हींवरचे उपाय घराघरात, म्हणजे डिपार्टमेंटा-डिपार्टमेंटात ठाऊक होते. अडकलेला कागद मागचं झाकण उघडून ओढायचा. टोनर बाहेर काढून दोन्ही हातांनी हलवून परत बसवायचा. त्यात अजून शंभरेक पानं निघतात हे पर्चेसवाल्यांना ठाऊक नसतं, शिपायाला असतं. आणि साहेबांची पानं संपेपर्यंत चहा घ्यायचा. आता चौथं दुखणं आलंय. प्रिंटर आपल्याला ओळखत नाही.

म्हणजे असं. तुम्ही जागेवरून प्रिंट देता. ती लगेच खडखडत बाहेर पडत नाही, सर्व्हरवर जाऊन बसते. मग तुम्ही उठायचं, प्रिंटरपाशी जायचं, गळ्यातलं कार्ड त्याला टेकवायचं. हा कोण आलाय, असं त्याने सर्व्हरला विचारायचं. सर्व्हरने होकार दिला, तर पान. याला सिक्युअर प्रिंट म्हणतात. कार्ड घरी राहिलं असेल तर पिन, पिन आठवत नसेल तर नाव आणि पासवर्ड, आणि तेही नाही जमलं तर पडद्यावर वाक्य उमटतं: ऑथेंटिकेशन फेल्ड, कॉन्टॅक्ट युवर ॲडमिनिस्ट्रेटर. हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण, कुठल्या मजल्यावर बसतो, तो ॲडमिनिस्ट्रेटर आहे हे त्याच्या घरच्यांना तरी ठाऊक आहे का, यातलं काहीही तो पडदा सांगत नाही.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. गिरणीतलं आता फक्त धुराडं शिल्लक आहे, तेही आर्किटेक्टला आवडलं म्हणून. जिथे साचे चालायचे तिथे काचेच्या केबिनी आहेत आणि दोन केबिनींच्या मधल्या बोळात प्रिंटर. सकाळी साडेदहाच्या सुमारास त्याच्यासमोर पाच-सहा सुशिक्षित माणसं उभी असतात. प्रत्येकाच्या हातात कार्ड. कुणी ते आडवं लावतंय, कुणी उभं, कुणी पँटला पुसून. बँकेचं कार्ड चालेनासं झालं की माणूस घाबरतो. इथे तो ओशाळतो. आपली नोकरी गेली आणि ही बातमी आधी प्रिंटरला कळली, असा एक भाव क्षणभर चेहऱ्यावर येऊन जातो. माणूस हसत हसत शेजाऱ्याला विचारतो, "तुझं घेतोय का रे?" शेजाऱ्याचंही घेत नाही म्हटल्यावर त्याला जे बरं वाटतं, ते पगारवाढीनेही वाटत नाही.

हे सगळं का आलं, याचं उत्तर मात्र रास्त आहे. त्याआधी प्रिंटरचा ट्रे हे ऑफिसचं खरं वर्तमानपत्र होतं. कुणाला किती इन्क्रिमेंट, कुणाची बदली अंधेरीला, कुणी दुसरीकडे अर्ज केलाय आणि त्यात 'टीमचं नेतृत्व केलं' असं बिनदिक्कत लिहिलंय, हे सगळं ट्रेमध्ये वाचायला मिळायचं. आपली दोन पानं उचलायला गेलेला माणूस दहा मिनिटं तिथेच असायचा. एकाने मुलीच्या स्थळासाठी बायोडाटा छापला, तो ट्रेमधून परस्पर तिसऱ्या मजल्यावर गेला आणि तिथल्या बाईंच्या भाच्याशी पत्रिका जुळली, असंही घडलेलं आहे. सिक्युअर प्रिंट आल्यावर हे थांबलं. माहिती सुरक्षित झाली. लग्नं पुन्हा वधूवर सूचक मंडळाकडे गेली.

कागद कुणी छापला, ही चौकशी या शहराला नवी नाही. गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापलं ते १८३१ साली. त्या वेळी काही सोवळी मंडळी छापील कागदाला हात लावायलाही कचरत, असं गोविंद नारायण माडगावकरांनी त्यांच्या १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये नोंदवलंय. म्हणजे तेव्हा वापरणाऱ्यालाच यंत्राची ओळख पटत नव्हती. त्या पुस्तकानंतर चारच वर्षांनी, १८६७ साली, सरकारने कायदा केला: छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवं. पुस्तकाच्या सुरुवातीला बारीक टायपात जी 'मुद्रक अमुक, छापखाना तमुक, गिरगाव, मुंबई' अशी ओळ असते, तिचा उगम हा. साहित्याची आवड म्हणून ती आलेली नाही. उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जायचं, ते सरकारला हवं होतं. १९१० च्या कायद्याने तर छापखानेवाल्याकडून रोख जामीन मागायची सोय केली. त्या मानाने आमचा प्रिंटर नुसतं कार्ड मागतो, हे सौम्यच म्हणायचं. शिवाय रंगीत लेझर प्रिंटरांपैकी बरेचसे प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके टाकतात आणि त्यात यंत्राचा क्रमांक आणि तारीख-वेळ दडवलेली असते, हे २००५ साली अमेरिकेत उघड झालं. १८६७ ची ओळ निदान वाचता तरी येत होती.

तर मुद्दा ओळख पटण्याचा. हेल्पडेस्कवर एक मुलगा आहे, दादरहून येतो, शांत आहे. दिवसभर तो एकच काम करतो: प्रिंटर कुणाला का ओळखत नाही ते शोधणं. लोक त्याला फोनवर सांगतात, "अरे, प्रिंटर बिघडलाय." तो कधीही 'नाही' म्हणत नाही. "तिकीट काढलंत का सर?" एवढंच विचारतो. तिकीट काढायचं म्हणजे तक्रार पोर्टलवर नोंदवायची आणि सोबत स्क्रीनशॉट जोडायचा. प्रिंटरच्या पडद्याचा स्क्रीनशॉट कसा काढणार? म्हणून लोक मोबाइलने फोटो काढतात. त्यात चूक काय आलीय ते दिसत नाही, फोटो काढणाऱ्याचं कपाळ दिसतं. तो मुलगा कपाळावरून माणूस ओळखतो. हेल्पडेस्कवर ओळख पटवण्याची ही एकच पद्धत आजवर बिनचूक चाललेली आहे.

त्याच्याशी बसून बोललं की कळतं, प्रिंटर बिघडलेला नसतोच. बिघडलेली असतात ती आपली नावं.

आमच्या यादीत सावंत तीन आहेत आणि तिघांचंही पहिलं नाव एकच. कोकणातून आलेल्या माणसांचं ऑफिस म्हटलं की हे व्हायचंच. यंत्राला दोन माणसं एका नावाची चालत नाहीत, म्हणून एक नुसते सावंत, दुसरे सावंत-१, तिसरे सावंत-२. नुसते सावंत कधीच नोकरी सोडून गेले, पण त्यांची जागा रिकामी ठेवलेली आहे. सावंत-१ निवृत्त होईपर्यंत एकच राहणार. बाहेर ते डेप्युटी मॅनेजर आहेत. प्रिंटरपाशी नावापुढचा एक टाइप करायला विसरले की यंत्र त्यांना निघून गेलेला माणूस समजतं.

लांब नावांची वेगळीच तऱ्हा. विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे. समजा तुमचं नाव ज्ञानेश्वर देशपांडे. इंग्रजी स्पेलिंगने, मधल्या टिंबासकट, ते २१ भरतं. मग मेलवर तुम्ही पूर्ण देशपांडे आणि आतल्या यादीत शेवटचं अक्षर कापलेले देशपांड. प्रिंटर या दुसऱ्या यादीत बघतो. तुम्ही प्रामाणिकपणे स्वतःचं पूर्ण नाव घालता आणि तो म्हणतो, असा कुणी इथे नाही. अशा माणसाला हेल्पडेस्कवाला हळूच सांगतो, "सर, शेवटचा ई नका टाकू." माणूस बघतच राहतो. आजोबा-पणजोबांनी सांभाळलेलं आडनाव एका खिडकीपाशी सोडून द्यायचं, तेही पगाराच्या स्लिपसाठी.

लग्न झालेल्या मुलींचं याहून निराळं. त्यांनी एचआरला कागद दिले, दिसायचं नाव बदललं, मेलवर नवं आडनाव झळकलं. आतलं लॉगिन मात्र बदलत नाहीत, कारण ते बदललं की जुन्या फाइली, परवानग्या, सगळं हलतं. त्यामुळे सर्व्हरवर त्या अजून माहेरीच आहेत. एकीने मला सांगितलं, "सासरी कुणी नाव घेत नाही, पण प्रिंटर रोज माहेरचं विचारतो, मला आवडतं."

कार्डाचं गौडबंगाल तर कुणाला समजावून सांगता येत नाही. फाटकावरचं यंत्र त्याच कार्डाला दार उघडतं आणि बोळातला प्रिंटर त्यालाच नकार देतो. मी आत आहे म्हणजे फाटकाने मला घेतलंय, मग तू कोण नाही म्हणणारा, असा लोकांचा सवाल असतो. उत्तर असं आहे की कार्डात एक आकडा असतो, तो वेगवेगळी यंत्रं वेगवेगळ्या रीतीने वाचतात. काही सुलट, काही उलट, काही पुढचा भाग गाळून. फाटकाने वाचलेला आकडा यादीत चढलेला आणि प्रिंटरने उलटा वाचलेला. मग नव्याने नोंदणी: कार्ड टेकवा, नाव घाला, पासवर्ड घाला. पासवर्डची मुदत नेमकी काल संपलेली असते.

पासवर्ड दर काही महिन्यांनी बदलायला लावू नका, त्याने लोक सोपे पासवर्ड करतात, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ सालीच लिहून ठेवलंय. ते पत्रक अजून लोअर परळला पोहोचलेलं नाही. इथे नियम आहेच: एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, मागचे पासवर्ड चालणार नाहीत. लोकांनी त्यावर उपाय काढला. निम्म्या ऑफिसचा पासवर्ड गणपतीच्या नावाने आहे, पुढे ॲट, पुढे आकडा. तिमाही बदलली की आकडा एकाने वाढतो. उरलेल्या निम्म्यांचा साईबाबांच्या. माणूस बदलतो तो फक्त संगणकावर. खिशातल्या मोबाइलमध्ये वाय-फायचा जुनाच पासवर्ड राहतो. मोबाइल तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, सर्व्हर चुका मोजत राहतो आणि मर्यादा गाठली की खातं बंद करतो. म्हणजे माणूस चहाच्या टपरीवर निवांत उभा आणि त्याच्याच खिशातली वस्तू वर त्याचं खातं गोठवतेय. पुन्हा चालू करून घेतलं तरी तासाभराने तेच. असं वारंवार होणाऱ्या माणसाला हेल्पडेस्कवाला पहिला प्रश्न विचारतो तो फोनबद्दल, आणि लोकांना वाटतं तो टाळतोय.

एकदा तर कुणाचंच कार्ड चालेना. साहेबांचंसुद्धा नाही. चौकशीअंती निघालं ते असं: आपण खरे की खोटे हे विचारायला प्रिंटरची यंत्रणा ज्या खात्याने सर्व्हरकडे जाते, त्याच खात्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. तिकीट तपासनीसाचाच पास संपलेला. दुपारपर्यंत ते सुधारलं. सकाळचा एवढा वेळ प्रिंटरपाशी कुणी मोठा नव्हता, कुणी लहान नव्हता आणि वातावरण फार चांगलं होतं.

पण मला सगळ्यात आवडलेलं कारण घड्याळाचं. विंडोजच्या ऑफिसात ओळख पटवायचं काम केर्बेरॉस नावाची पद्धत करते. १९८० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीत ती तयार झाली आणि तिला ग्रीक पुराणातल्या यमलोकाच्या दारावरच्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं नाव दिलं. यमाचे कुत्रे आपल्याकडेही आहेत, दोन, चार-चार डोळ्यांचे. पण ऋग्वेदातल्या त्या कुत्र्यांनी कुणाला वेळ विचारल्याचं ऐकिवात नाही. हा विचारतो. जुनी ओळख चोरून कुणी नंतर वापरू नये म्हणून तो प्रत्येक मागणीवरची वेळ बघतो. तुमचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही. कुणीतरी प्रिंटरचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो, नंतर प्रिंटर उठतो तो भलतीच वेळ घेऊन, आणि सगळा मजला परका होतो.

ही अट या शहराला घालायची म्हणजे धाडसच. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक प्रमाणवेळ आली, ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटांची. फरक ३९ मिनिटांचा. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने वाजणार म्हणजे आपल्याला ३९ मिनिटं आधी उठवणार, हा हिशेब गिरणी कामगारांनी बरोबर केला आणि त्याच महिन्यात जेकब ससून मिलमध्ये त्यावरून गडबड झाली. महापालिकेनेही पुढे मुंबई टाइमच धरला आणि दशकानुदशकं सोडला नाही. रेल्वेची वेळ एक, पालिकेची दुसरी, आणि लोक दोन्ही ध्यानात ठेवून गाडी पकडत. पाच मिनिटांचा तो कुत्रा तेव्हा दारावर असता तर अख्ख्या मुंबईला एक पान छापता आलं नसतं. शेवटी पालिकेनेच माघार घेतली. आमच्या ऑफिसात अजून निकाल लागायचाय, कारण कॉन्फरन्स रूमचं घड्याळ मीटिंग लवकर संपावी म्हणून मुद्दाम पुढे ठेवलेलं असतं.

आता या सगळ्याचा परिणाम बघा. प्रिंटर नाही म्हणाला आणि अकराला क्लायंट यायचाय, तर माणूस काय करतो? तिकीट काढून बसतो का? तो खाली उतरतो. रस्त्याच्या पलीकडे झेरॉक्सचं दुकान आहे, दीड माणूस मावेल एवढं. काचेवर नंबर चिकटवलेला. "व्हॉट्सॲप करा," मालक मान वर न करता सांगतो. माणूस कंपनीचा गोपनीय करारनामा त्या नंबरवर पाठवतो. पडद्यावर मालकाचा डेस्कटॉप दिसत असतो: कुणाचं आधार, कुणाचा पगार, कुणाचा भाडेकरार, कुणाच्या एमआरआयचा रिपोर्ट, सगळं एकाखाली एक. मे २०२२ मध्ये आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका असं एक सरकारी पत्रक निघालं आणि दोनच दिवसांत मागे घेतलं गेलं. मागे घेतलं नसतं तर या डेस्कटॉपचं काय झालं असतं कुणास ठाऊक. मालक नाव विचारत नाही, पिन विचारत नाही, कार्ड बघत नाही. विचारतो ते एवढंच: "बॅक टू बॅक की सिंगल?" ट्रेमध्ये शेजारच्याने बघू नये म्हणून लाखोंची यंत्रणा बसवलेला कागद परळच्या फूटपाथवर सुतळीने बांधलेल्या स्टेपलरने टाचला जातो.

ज्यांना खाली उतरायचं नसतं ते मामांकडे जातात.

मामा आमचे सगळ्यांत जुने शिपाई, लालबागचे. त्यांचं टेबल प्रिंटरच्या शेजारी, टेबलावर डिस्पॅचचा एक जुना संगणक, मामांच्या नावाने सकाळी उघडलेला तो संध्याकाळपर्यंत उघडा. कार्ड ड्रॉवरच्या किल्लीला लटकलेलं. पारदर्शक पाकिटात कार्डाच्या मागे गणपतीचा फोटो, त्याच्या मागे कधीकाळचा मासिक पास. मामांचं खातं नव्या नियमांच्या आधीचं असल्यामुळे त्यावर 'पासवर्डची मुदत संपू नये' अशी खूण कुणीतरी करून ठेवली होती, ती तशीच राहिली. नाव आखूड, त्या नावाचा दुसरा कुणी नाही. आणि मामांकडे वाय-फायला लावायचा मोबाइल नाही. थोडक्यात, त्या तीन डोक्यांच्या कुत्र्याला संशय यावा असं मामांच्यात काहीही नाही. एरवी अख्ख्या मजल्यावर प्रिंटर ज्याला नाही म्हणत नाही असा हा एकच माणूस.

"काय सायबा, नाय घेत?" मामा विचारतात. "ठेवा तुमचा कार्ड खिशात. फाइल डिस्पॅचच्या फोल्डरात टाका, माझा लावतो."

या गावात हे काही नवीन नाही. गिरण्यांत रोज गेटवर बदली कामगार उभे असत. आतला माणूस गावी गेला, आजारी पडला, तर त्याच्या साच्यावर बदली. आधी जॉबर, म्हणजे मुकादम, मर्जीने, किंवा हात ओले झाले की, नेमायचा. १९३५ च्या सुमारास त्याला शिस्त लावायला गिरणीमालकांनी बदलीवाल्यांची कार्डं काढली. कार्डं आली तरी एकाच्या जागी दुसरा हे चालूच राहिलं, कारण साचा थांबून चालत नव्हतं. १९८२ च्या संपानंतर साचे थांबले, जागेवर काचा आल्या, आणि त्याच जमिनीवर आता डेप्युटी मॅनेजर सावंत-१ सकाळी मामांच्या टेबलापाशी बदली मिळतेय का बघत उभे असतात.

हेल्पडेस्कच्या मुलाला हे सगळं माहीत आहे. त्याचीही पानं तिथूनच निघतात. नवीन कार्डासाठीचा अर्ज छापून, सही घेऊन द्यावा लागतो आणि ज्याला अर्ज हवा त्याचं कार्ड चालत नसतं, तेव्हा तोच सांगतो, मामांकडून घ्या.

यंत्रणा मात्र सगळं लिहून ठेवते. तिमाही संपली की कुणी किती छापलं याचा तक्ता वर जातो. या खेपेला पहिला क्रमांक मामांचा, आणि दुसऱ्या क्रमांकाशी तुलनाच नाही. तक्त्यानुसार मामांनी ताळेबंद छापला, दोन कायदेशीर नोटिसा, बोर्डाच्या मीटिंगची टिपणं, एक राजीनामा, गणेशोत्सवातल्या आरत्यांची पुस्तिका, सहामाहीचा प्रकल्प 'सौरऊर्जा' रंगीत, आणि कुणाच्या तरी मुलीचा बायोडाटा, उंची पाच फूट तीन. एवढा अधिकाराचा माणूस या कंपनीत दुसरा नसावा. वरून ताबडतोब सूचना आली: आपल्या नावावरील छपाई अवाजवी आहे, कृपया कागदाची बचत करावी व खुलासा करावा.

सूचना ईमेलने आली. मामा ईमेल बघत नाहीत. म्हणून अकाउंट्समधल्या बाईंनी ती डिस्पॅचच्या फोल्डरात टाकली, मामांनी कार्ड लावलं आणि दोन प्रती काढल्या: एक स्वतःला वाचायला, एक फाइलला.